हिरव्या ठिपक्यांची पुरवणी

अहवाल

आमच्या कामात सही केलेला अहवाल खोडता येत नाही. चूक सापडली तर खाली पुरवणी जोडायची. वरचं चुकीचं वाक्य तसंच राहतं, तारखेसकट, सगळ्यांना दिसेल असं. तीस वर्षं मी लोकांच्या गाठींचे तुकडे काचेवर वाचते आहे. लिहायची दुसरी रीत मला येत नाही, म्हणून हेही त्याच रीतीनं.

माझ्या धाकट्या बहिणीनं आमच्या रुग्णालयात काचा वाचणारं यंत्र आणलं. माझा त्याला विरोध नव्हता. यंत्रात एक दोष निघाला. तो मी वेळेवर कळवला. कुणाचं नुकसान झालं नाही.

सही.

पुरवणी १. "माझा त्याला विरोध नव्हता" या वाक्याला

होता.

यंत्र आलं त्या सकाळी मामा माझ्या दारात येऊन उभे राहिले. मामा म्हणजे आमचे तंत्रज्ञ. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, केसाहून पातळ कापायचा, काचेवर घेऊन रंगवायचा, हे ते मी इथे येण्याच्याही आधीपासून करतात. सगळं रुग्णालय त्यांना मामा म्हणतं. त्यांचे खरे भाचे तेवढे काका म्हणतात, का ते विचारू नये.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमची सवत आली. चौघांनी उचलून आणली. अंगानं भरलेली आहे."

"कुठे बसवली?"

"खिडकीजवळ. तीच जागा हवी म्हणे."

खिडकीजवळची जागा माझी होती. जाऊन पाहिलं तर माझा मायक्रोस्कोप भिंतीकडे सरकवलेला, आणि टेबलावर इतक्या वर्षांत माझ्या कोपरांनी झिजवलेल्या दोन फिक्या चकत्या उघड्या पडलेल्या. त्यांच्यावर तो पांढरा ठोकळा. त्याच्या पोटात एका वेळी दोनशे काचा जात. तो प्रत्येकीचा फोटो घेई, फोटो वाची आणि पडद्यावर शंभरपैकी एक आकडा देई. आकडा मोठा, तर कर्करोगाची शक्यता मोठी.

धाकटी मागे उभी होती. हातात चहा, पायात धावायचे बूट.

"ताई, उजेडासाठी नाही, पंख्याच्या वाऱ्यासाठी तिथे ठेवलंय. तापतं ते."

"तापू दे की. मीही तापते."

ती हसली. मी हसले नाही.

धाकटी माझ्याहून पाच वर्षांनी लहान. शिकली माझ्यामागोमाग हेच, पण मायक्रोस्कोपवर दोन वर्षं काढून उठली ती सरळ कॉम्प्युटरकडे गेली. "मला काचेत काहीच दिसत नाही गं, नुसतं गुलाबी नि जांभळं," असं म्हणाली होती. घरात चार माणसं जमली की मी तिच्या आवाजाची नक्कल करून ते वाक्य सांगायची. पंधरा वर्षं पुरलं मला ते.

आता तिनंच केलेल्या यंत्राला दिसत होतं. आमच्याच कपाटांतल्या अकरा हजार जुन्या काचा, बहुतेक माझ्या सहीच्या, तिनं त्याला वर्षभर दाखवल्या होत्या. मग शंभर जुन्या काचांवर त्याची परीक्षा घेतली. अठ्ठ्याण्णव बरोबर. ज्या थोरल्या सरांनी मला शिकवलं, ते नव्वदलाही पाठ थोपटायचे.

रुग्णालयाच्या समितीसमोर ती उभी राहून बोलली. ज्या गावात काच वाचणारं कुणीच नाही तिथे फक्त स्कॅनर असला तरी चालेल. महिनाभर अडणारा निकाल दोन दिवसांत लागेल. पुढे तर गाठ कोणत्या औषधाला दाद देईल तेही काचेवरूनच सांगता येईल. ती खोटं बोलत नव्हती. मलाही ते पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच अंगाला मिरच्या लागल्यासारखं होत होतं.

आई माझ्याकडे राहते. तिच्या गोळ्या मी काढून देते. धाकटीचा फोन आला की आईचा आवाज वीस वर्षांनी तरुण होतो. माझ्याशी ती गॅस बंद केलास का, एवढंच बोलते.

"तिच्या मशीनचं पेपरात येणार म्हणे," आई म्हणाली.

"येऊ दे."

"तू का नाही गं असलं काही काढलंस?"

मी गॅस बंद आहे का बघायला उठले.

पुरवणी २. "यंत्रात एक दोष निघाला" या वाक्याला

निघाला नाही. मी काढला. खोड काढायला बसले होते, खोड सापडली.

आधी काम कसं चालायचं ते सांगते. यंत्राची चाचणी सुरू झाल्यापासून नवी काच रंगवली की आधी त्याच्याकडे जाई, मग माझ्याकडे. पन्नासच्या वर आकडा असेल तर लाल ट्रे, खाली असेल तर पांढरा. लाल आधी वाचायचा, पांढरा नंतर. माझ्या काळात काचा आल्या त्या क्रमानं वाचल्या जात आणि दुसऱ्या दिवशी निकाल जाई. आता लाल ट्रे ओसंडून वाही. त्यात शस्त्रक्रियेत काढलेल्या मोठ्या तुकड्यांच्या काचाच जास्त असत. त्या तुकड्यांच्या कडा ओळखू याव्यात म्हणून आम्ही त्यांना हिरवी शाई लावतो. शाईवाल्याच काचा लाल ट्रेमध्ये का येतात, हे मला तिथेच खटकायला हवं होतं. खटकलं नाही. मी दुसऱ्याच गोष्टींवर जळत होते.

आणि माझी एक सवय. वाचताना संशयाची जागा दिसली की मी काचेवर हिरव्या पेनानं ठिपका देते. पुन्हा पाहायचं झालं तर शोधावं लागत नाही.

त्या बुधवारी आतड्याच्या एका तुकड्याला यंत्रानं चार दिले होते. मी एका कोपऱ्यात ठिपका दिला, निरखून पाहिलं, नुसती सूज होती. स्कॅन धूसर आला म्हणून मामांनी तीच काच पुन्हा यंत्रात घातली. पडद्यावर आलं सत्त्याण्णव.

काच तीच, तुकडा तोच. नवीन होता फक्त माझा ठिपका.

मी कपाटातून धडधाकट अपेंडिक्सची एक काच काढली. तीन. ठिपका दिला. शहाण्णव. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. तीन. पुन्हा दिला. शहाण्णव. लहान मूल दिव्याचं बटण दाबत बसतं, तशी मी कितीतरी वेळ बसले होते. सवतीला पेशी कळत नव्हत्या. अकरा हजार काचांतून ती एकच गोष्ट शिकली होती: जिथे हिरवं, तिथे वाईट. माझ्या ओंजळीनं पाणी पीत होती. नवी काच तिच्याकडे माझ्याआधी जायची, म्हणजे ठिपक्याशिवाय, म्हणजे ती तिथे ठार आंधळी.

इतका आनंद मला पदवी मिळाल्यावरही झाला नव्हता.

मी मामांना बोलावलं.

"जुन्या काचा स्कॅन करताना पुसायला सांगितल्या होत्या ना?"

"पुसल्या."

"सगळ्या?"

मामा हातातल्या फडक्याची घडी घालू लागले. "थोरल्या सरांच्या पुसल्या. बदली डॉक्टरांच्या पुसल्या."

"आणि माझ्या?"

"तुमच्या कशा पुसणार? तुम्हीच म्हणाला होतात, माझ्या ठिपक्याला हात लावलात तर या खोलीत पाऊल ठेवायचं नाही."

म्हणाले होते. बारा वर्षांपूर्वी. त्यांनी एक काच स्वच्छ केली आणि मला तीन पेशी शोधायला अर्धा दिवस लागला, तेव्हा. सगळ्यांसमोर.

"अहो, मग मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर पुसा म्हणाला असतात. मग मी कुठल्या मॅडमचं ऐकायचं, तेव्हाच्या की आत्ताच्या?"

"आणि धाकटीला काय सांगितलंत?"

"तिनं विचारलं पुसल्या का. मी म्हटलं पुसल्या. पुसल्याच होत्या की, काही."

मी हिरव्या पेनाचं टोपण लावलं. "मामा, हे सध्या कुणाला बोलू नका."

"सध्या म्हणजे किती?"

"पुढच्या शुक्रवारपर्यंत."

पुढच्या शुक्रवारी समितीपुढे शेवटचं प्रात्यक्षिक होतं. चाळीस काचा निवडायचं काम माझ्याकडे होतं. मामांनी कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फडकं घेऊन गेले.

पुरवणी ३. "वेळेवर" या शब्दाला

नऊ दिवसांपैकी सात दिवस मी गप्प होते.

त्या सात दिवसांत मी फार चांगली वागले. धाकटीला चहा दिला. तिच्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचं कव्हर शिवून आणलं. आई म्हणाली, "बरं झालं, तुम्ही दोघी एकत्र आलात." मी म्हटलं, हो ना.

घरी जेवणाच्या टेबलावर मी चाळीस काचांची यादी केली. वीस वाईट, अगदी उघड वाईट, नवशिक्यालाही कळतील अशा. वीस चांगल्या. वाईट वीस स्पिरिटनं लख्ख पुसायच्या, चांगल्यांपैकी पाचांवर ठिपके द्यायचे. मग सगळ्यांदेखत सवत कर्करोगाला तीन देईल आणि अपेंडिक्सला शहाण्णव. त्यानंतर मी उठेन. काय बोलायचं तेही ठरलं होतं. "यंत्राला नुसतं गुलाबी नि जांभळं दिसतं." एवढंच. मग खाली बसायचं.

आंघोळ करताना मी ते वाक्य तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. हेही लिहायला हवं.

पांढरा ट्रे या सगळ्यात वाढत होता. मला तो दिसत होता. त्याच्यावर ज्यानं "सावकाश" असा शिक्का मारला तो आंधळा आहे, हे साऱ्या इमारतीत दोघांनाच ठाऊक होतं: मला आणि मामांना. मामा रोज संध्याकाळी तो ट्रे माझ्या टेबलावर अगदी समोर आणून ठेवत. मी रोज सकाळी तो बाजूला सरकवी आणि लाल घेई. क्रम मी ठरवलेला नाही, असं स्वतःला सांगे.

सातव्या दिवशी मामांनी लाल ट्रे आणलाच नाही.

"कुठे आहे?"

"सापडत नाहीये," ते म्हणाले. इतकं वाईट खोटं मी कधी ऐकलेलं नाही. "तोवर पांढरा वाचा."

पुरवणी ४. "कुणाचं नुकसान झालं नाही" या वाक्याला

वरून चौथी काच. स्तनातली गाठ, सुईनं काढलेला दोऱ्यासारखा तुकडा. वय बेचाळीस. सोबतच्या चिठ्ठीत आम्ही व्यवसायही लिहितो: शिवणकाम. यंत्राचा आकडा सहा. सगळ्यात लहान भिंगाखाली, एका नजरेत, कर्करोग. ठिपका द्यायचीही गरज नव्हती.

काच सहा दिवसांची होती. क्रमानं वाचली असती तर पाच दिवसांपूर्वी निकाल गेला असता. सर्जनला फोन केला. तो म्हणाला, पाच दिवसांनी आजारात फरक पडत नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, तोवर तो पुढे म्हणाला, "पण त्या बाईंनी माझी वेळच रद्द केली आहे."

खाली खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी वही उघडून दाखवली. ती शिंपीण रोज फोन करत होती. चौथ्या दिवशी खिडकीवरच्या बाईंना तिची दया आली आणि त्यांनी पडद्यावर पाहून सांगितलं, डॉक्टरांनी अजून वाचलं नाही, पण मशीननं पाहिलंय, काळजीचं दिसत नाही.

"मी चांगल्यासाठीच सांगितलं, मॅडम."

"माहीत आहे. नंबर द्या."

रुग्णाशी मी कधी बोलत नाही. आमचं काम सर्जनशी. तीस वर्षांत मी माणसांचे हजारो तुकडे पाहिले, माणूस एकही नाही. फोन उचलला गेला तेव्हा मागे शिवणयंत्र चालू होतं.

"रुग्णालयातून बोलते आहे. तुमच्या तपासणीबद्दल."

"हो, कळलं मला. बरंच आहे ना? मशीननं बघितलंय."

"मशीननं बघितलं होतं. मी आज बघितलं."

शिवणयंत्र थांबलं.

"तुम्हाला उद्या सर्जनकडे यावं लागेल. मी वेळ घेतली आहे. सकाळी दहा."

"उद्या कसं जमेल? मी गणवेशांचं काम घेतलंय. दोनशे दहा आहेत. बरंच आहे म्हणाले म्हणून घेतलं."

"गणवेश दुसऱ्याला द्या."

तिनं विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी काच वाचते. तुमच्या गाठीचा तुकडा भिंगातून पाहायचं काम माझं."

"मग आधी का नाही बघितलात?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. कापड आखूड का आलं, असं विचारावं तसा होता. माझ्याकडे उत्तरं खूप होती. लाल ट्रे, पांढरा ट्रे, चाचणी, समिती. सगळी खरी.

"माझ्याकडून राहिलं," मी म्हटलं. "बघता आलं असतं."

"बरं," ती म्हणाली. "दहाला येते."

पुरवणी ५. "माझ्या धाकट्या बहिणीनं" या शब्दांना

धाकटीची खोली दोन मजले वर. खिडकी नाही, वायरींचं जंगल, बिस्किटाचा अर्धा पुडा. मी तिच्यासमोर अपेंडिक्सची काच ठेवली, पेन ठेवलं, स्पिरिट ठेवलं. सगळं सांगितलं. तिनं एकदा ठिपका देऊन पाहिलं, एकदा पुसून पाहिलं. दुसऱ्यांदा करायची तिला गरज वाटली नाही.

"मूर्ख आहे मी," ती म्हणाली. "चार काचा जरी स्वतः उघडून पाहिल्या असत्या तरी दिसलं असतं. अठ्ठ्याण्णव आले आणि मी पाहणंच सोडलं." मग, "तुला आज कळलं?"

"नाही."

"काल?"

"गेल्या बुधवारी."

ती बोटांवर मोजू लागली, मध्येच थांबली. "शुक्रवारची वाट बघत होतीस."

"हो."

"काय बोलणार होतीस? ठरवलं असशील काहीतरी."

मी सांगितलं. गुलाबी नि जांभळं.

ती चिडेल असं वाटलं होतं, मी त्याची तयारी करूनच आले होते. तिनं पुड्यातलं एक बिस्किट काढलं, खाल्लं नाही.

"आपला तो खेळण्यातला मायक्रोस्कोप आठवतो? वाढदिवसाला दोघींत एक मिळालेला?"

"हो."

"तू त्याच्यावरचा डोळा काढायचीसच नाहीस. मी मागे उभी. कांद्याचं साल असं दिसतंय, माशीचा पाय तसा दिसतोय, तू सांगायचीस आणि मी 'हो हो' म्हणायचे. नंतर माझी पाळी आली तरी मला काही दिसायचं नाही. तू जे सांगितलंस तेच शोधत बसायचे." तिनं पडद्याकडे मान केली. "हेही तसंच शिकलं. तुझं ऐकून. पोरगी कुणावर गेली बघ."

"मला वाटायचं तुझंच सगळं कौतुक होतं."

"तीस वर्षं आई मला फोनवर काय सांगते माहीत आहे? मोठीची नजर, मोठीची नजर. डॉक्टर लोक तिला विचारायला येतात, तुला कोण विचारतं. कान किटले माझे."

मला हे माहीत नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी वाटलं, म्हणजे आई हे तिला सांगते, मला नाही.

समितीकडे आम्ही दोघी गेलो. तिनं तिचं सांगितलं, मी माझं. प्रात्यक्षिक रद्द झालं, यंत्र बंद ठेवलं गेलं, माझ्या कागदपत्रांत एक ताशेरा नोंदला गेला. तो योग्य आहे. मामांनी "सापडलेला" लाल ट्रे परत आणून ठेवला.

मग पुसणं. धाकटी म्हणाली, ठिपके फुकट घालवायचे नाहीत. कुठल्या काचेवर ठिपका कुठे होता ते आधी वेगळं नोंदवायचं, मग काच पुसून पुन्हा स्कॅन करायची, म्हणजे यंत्राला ठिपका दिसणार नाही पण त्याखालच्या पेशी दिसतील. मामा बोळा घेऊन पुढे आले. मी म्हटलं, "मामा, माझ्या मी पुसते."

"आता हात लावू का?"

"लावा. पण माझ्या मी पुसते."

चार महिने लागले. बोटांची कातडी स्पिरिटनं पांढरी पडली. कितीएक ठिपके काढताना जीव तुटला, ते नेमके कुठे द्यायचे ते मला किती वर्षांनी कळलं होतं. पुसले की बोळ्यावर नुसता हिरवा डाग.

पुरवणी ६. आजची

शिंपीण शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी वर येऊन गेली. काच वाचणारी बाई बघायची होती म्हणाली. मी तिला तिचीच काच भिंगातून दाखवली. ती म्हणाली, "टाका बारीक आहे," आणि निघाली. मला क्षमा केली की नाही ते बोलली नाही, मी विचारलं नाही.

यंत्र पुन्हा सुरू झालं आहे. ट्रे आता एकच, क्रम आल्याचा. ते आकडा देतं, पण मी वाचून लिहिल्यावरच तो मला दिसतो, ही अट धाकटीनं घातली. रिकाम्या वेळात ते जुन्या काचा पुन्हा चाळतं.

आज सकाळी त्यानं नऊ वर्षांपूर्वीची एक काच वर काढली. काखेतली गाठ. सही माझी, निकाल निर्दोष, ठिपका कधीच नव्हता. आकडा एक्क्याण्णव.

मी मायक्रोस्कोप घेऊन बसले. अर्धा तास काही दिसलं नाही आणि मी खूश होत गेले. मग कडेला, चरबीच्या घडीत, पाच पेशी दिसल्या. लहान, घट्ट, वाईट. मी त्या तेव्हा पाहिल्या नव्हत्या. सवतीनं पाहिल्या, कुणीही न दाखवता.

पोटात दुखलं. जुनीच जागा, जुनंच दुखणं. वर्षभरात ते कमी झालेलं नाही, हे पुरवणीत असायला हवं.

मी त्या पाच पेशींवर हिरवा ठिपका दिला. धाकटीला फोन करून सांगितलं.

"बरोबर आहे का?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे."

"काय म्हणालीस? आवाज तुटतोय."

"तुटत नाहीये. तुला दुसऱ्यांदा ऐकायचंय."

ती हसली. या वेळी मीही थोडी.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या अहवालाखाली पुरवणी जोडली, आजच्या तारखेची. सर्जनला कळवलं. मग खाली खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी जुनी वही शोधली, नंबर सापडला, तो अजून चालू आहे की नाही सांगता येत नाही म्हणाल्या.

"मी लावू का, मॅडम?"

"नको," मी म्हटलं, "मी लावते."

घंटा वाजते आहे.